रेवाची आजी-कँडी

आश्विन व. ११, एकादशी
अमेरिकेहून जावयांचा खोका आला. रंगीत गोळ्यांच्या पिशव्या २, चॉकलेटचा डबा १, ह्यांना लोकरी मोजे. पोस्टमनला दिवाळी धरून ₹ ५०. उपास, म्हणून खोका तसाच देवापुढे ठेवला. वरच्या चिठ्ठीवर इंग्रजीत ‘कँडी’. आम्हाला मॅट्रिकला ‘स्वीट्स’ होतं.
मंजू फाल्गुनात गेली. लेक नसलेली पहिली दिवाळी. कढई माळ्यावर उलटी घातलीय ती वर्ष होईपर्यंत काढायची नाही. गोडाचं काही करायचं नाही.

वसुबारस
खोपटहून जाऊबाई फराळाचे डबे घेऊन आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, “मुलगी दिल्या घरची गं. आपल्याकडे तीन दिवस सुतक, संपलं. वर्ष त्यांनी पाळायचं.” गुरुजीही तेच म्हणालेले. शास्त्र खोटं कसं म्हणू. पण नऊ महिने वागवली, चोवीस वर्षं वाढवली, आणि माझ्या वाट्याला तीन दिवस? मी पाळणार.
ह्यांनी त्यांच्यासमोरच चकली मोडली. “मऊ पडली वहिनी.” तेवढंच हसू.

नरकचतुर्दशी
अभ्यंग उरकलं. रांगोळी नाही. खालच्या साठेबाईंना विचारलं, शाळेत इंग्रजी शिकवायच्या त्या. म्हणाल्या, “आपण इंग्लंडचं शिकलो, म्हणून स्वीट्स. अमेरिकेत गोळी, चॉकलेट, सगळी कँडीच. लाडू-जिलबीला नाही म्हणत.”
“आणि नारळाच्या वडीला?”
“पाकातलीच ना? म्हणायला हरकत नाही.”
म्हणजे मंजूच्या रेवाचं बरोबर होतं. मागच्या खेपेला तीन वर्षांची, ओट्यावर बसून पळी चाटत होती. वडी म्हणता येईना, तर ‘आजी-कँडी’. मंजू फोनवर हसायची, “आई, इथे दुकानात नेलं तरी ही आजी-कँडीच मागते गं.”

भाऊबीज
जावयांचा फोन. रेवा दिसली. केस कापलेत. “हाय आजी”, एवढंच. मंजू होती तोवर घरात मराठी होतं, आता पोरीशी बोलणार कोण. पाळणाघर, शाळा, सगळं इंग्रजीत.
मी म्हटलं, “वडी आवडते ना माझ्या बाळाला?”
“बाबा, व्हॉट इज वडी?”
अभिजितराव म्हणाले, “विसरली हो आई. लहान होती.”
आजी-कँडी म्हणून पाहायचं होतं. तोंडून निघालं नाही. त्यावरही तसंच विचारलं असतं तर…
ह्यांनी फोन घेतला, हवापाण्याचं बोलले.

कार्तिक शु. ५
पूजेत लक्ष नाही. जप दोनदा चुकला.
ह्यांना म्हटलं, रेवाला वडी करून पाठवायला वर्षाचं मोडलं तर? म्हणाले, “तुझं तू धरलंस, तूच ठरव. पण पोरगी वर्षभर थांबत नाही हं विसरायची.”
मोडलं तर जाऊबाईंचंच खरं झालं, माझे तीनच दिवस. नाही मोडलं तर मंजूची पोर…

कार्तिक शु. ८
साठेबाई म्हणतात ओला नारळ पोचेपर्यंत खराब होईल. दुधाचंही पार्सलात चालत नाही तिकडे. म्हणजे सुक्या खोबऱ्याचा कीस, नुसत्या पाकात. ती चव ती नव्हे. रेवा ओळखेल?
ह्यांनी कल्याणहून कीस पाव किलो आणला, वेलची.

कार्तिक शु. १२, तुळशीचं लग्न
आज केली. कढई ह्यांनीच माळ्यावरून काढली, न सांगता. मंजूच्या फोटोपुढे पहिली वडी. मी चाखली नाही, तेवढं तरी पाळते. साखर अंदाजाने. ह्यांना दिली. “गोड झालीय,” म्हणाले आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.
सगळ्या चौकोनी पडल्या. ह्या खेपेला एकही कोपरा मोडला नाही, आणि मोडलेले कोपरे खायला ओट्यावर कोणी नाही.

कार्तिक व. १
दिवे लावायच्या आधी पोस्टात जाऊन पार्सल टाकलं. पावती देवघरात. आत काय, तिथे खिडकीवरच्या मुलीने विचारलं. मी ‘कँडी’ म्हटलं. तिने तसंच लिहिलं.
सोबतच्या पत्राची नक्कल:
चि. अभिजितराव यांस अनेक आशीर्वाद. डबा रेवासाठी. आधी नाव सांगू नका, कुणी पाठवलं तेही नको. नुसती हातात द्या. ओल्या नारळाची नाही, त्यामुळे तिला पटकन कळणार नाही, दुसरीही द्या. काय म्हणाली तेवढं उलट टपाली लिहून कळवा. फोनवर ऐकायचा मला धीर नाही. काहीच म्हणाली नाही, तर तसंही कळवा.