बाई, तुमचे ते रोमन कवी

बाई, आज सकाळपासून तुमची आठवण येतेय. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी लिहायला बसले आहे.

चिंचवडला तुमच्या खोलीवर आम्ही औषध कंपनीच्या पॅकिंगमधल्या मुली शिफ्ट सुटल्यावर इंग्रजी शिकायला यायचो. बाहेरून बी.ए. करायचं खूळ होतं डोक्यात. धडा संपला की तुम्ही जुन्या रोमन कवितांचं ते इंग्रजी पुस्तक काढायचात आणि मराठीत सांगत सुटायचात. दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं, पण नशिबाच्या लहरीला आपल्यासारखीच भ्यायची. चांगले दिवस आले म्हणून चढू नये, वाईट आले म्हणून कोसळू नये, आणि हातातला दिवस उद्यावर टाकू नये, असं त्यांचं म्हणणं. सांगताना तुमचा चेहरा उजळायचा. का, ते आम्हाला ठाऊक होतं. आमच्याच कंपनीतले रहाटणीचे एक फोरमन दाराशी सायकल लावून तुमच्याकडून पुस्तकं न्यायचे आणि बहुधा न वाचताच परत आणायचे. ते बौद्ध, तुम्ही ब्राह्मण. तुमच्या आईचा ठाम नकार. "दिवाळीनंतर आईशी बोलते," असं तुम्ही त्यांना दर वर्षी सांगायचात.

मग एका सकाळी पहिल्या पाळीला निघालेल्या त्यांना हमरस्त्यावर ट्रकनं उडवलं. कंपनीत बातमी आली तशी मी तुमच्याकडे धावले. तुम्ही स्वयंपाकघरात पोळ्या लाटत बसला आहात. आई बाहेर जप करताहेत. तुम्हाला कळलंय, हे तुमच्या तोंडाकडे बघूनच समजतं. मी हळूच म्हणते, "बाई, चला. दुपारी नेणार आहेत. मी येते बरोबर."

"मी कोण म्हणून जाऊ गं?" तुम्ही म्हणता. तव्यावरची पोळी करपतेय, तुम्ही ती उलटत नाही.

"तुम्हीच सांगायचात ना बाई, कोसळू नये म्हणून," असं काहीतरी मी बोलून गेले.

"त्या कवींनी हेही सांगितलं होतं की थांबू नका," तुम्ही म्हणालात. "ते तुम्हा मुलींना शिकवलं, आणि मी स्वतः दिवाळीची वाट बघत बसले." मग पिठाच्या हातानं माझं मनगट धरलंत. "तुझं काय? तो मुलगा लग्नाचं विचारतोय ना?"

"थोरल्या भावाचं झालं की बघू, म्हणतात घरी."

"नको थांबू. माझं ऐक, नको थांबू."

आम्ही महिन्याभरात नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. साक्षीदार म्हणून तुम्ही सही केलीत, माझ्या केसांत गजरा माळलात आणि लगेच निघून गेलात. तुमचा वर्ग पुढेही चालू राहिला, पण ते पुस्तक तुम्ही पुन्हा कधी काढलं नाहीत. थोड्याच वर्षांत आजार जडला. शेवटची भेटायला आले तेव्हा "सुखात आहेस ना?" एवढंच विचारलंत. त्या खाटेपाशी उभं राहून मला साधं हो म्हणवेना. मी तुमची उशी नीट करत राहिले.

सुखात आहे, बाई. हे आता रिटायर झालेत, पुढच्या खोलीत पेपर वाचताहेत. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहून टाकते. तुमची आठवण आली की मी आधी डोकावून बघते, हे आहेत ना. मग तुमच्यासाठी रडते.