उसनं नाव

प्रिय ताई,

उद्या आमच्या कॅथलिक विद्यापीठात माझ्या तीस वर्षांच्या नोकरीचा सत्कार आहे आणि तू बुसानहून येते आहेस, म्हणून एक गोष्ट कबूल करते. नोकरीला लागताना अर्जात बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेल्या ख्रिस्ती नावाचा रकाना होता. बाप्तिस्मा तुझा झालेला, माझा कुठे? रकाना रिकामा दिसला तर घेणार नाहीत, या भीतीनं मी तुझंच नाव लिहिलं. तेव्हापासून इथं सगळे मला आगाथा म्हणतात. काल कुलगुरू फादर कौतुकानं म्हणाले, "आगाथाबाई, मानपत्रावरही तेच नाव घातलंय हं!"

आता पत्र टाकून उपयोग नाही, तू निघालेली असशील. उद्या व्यासपीठावरून आगाथाला बोलावतील. ताई, तू पहिल्याच रांगेत असशील. सवयीनं उठू नकोस गं.

तुझी धाकटी,
मिरान