नसलेला शाफ्ट

बाबा, गाडीखाली शाफ्ट नाहीये. पत्राची सुरुवात अशी करू नये हे मलाही कळतं, पण परवापासून माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नाही. तुमची जुनी सेडान मी अजून चालवते. तुम्ही गेलात, मी पुण्याची नोकरी सोडून आईजवळ तांबरमला राहायला आले, आणि तेव्हापासून सिरुसेरीच्या ऑफिसला जायला-यायला तीच गाडी. ऑफिसातली पोरं चिडवतात, मॅडम, ही अजून चालते? मग मी तुमच्याच थाटात ऐकवते, की तुमच्या नव्या गाड्यांची दोन चाकं कामाला असतात आणि दोन नुसती सोबतीला, आमच्या गाडीची चारही चाकं राबतात. गाडी घेतलीत त्या दिवशी तुम्ही जेवणाच्या टेबलावर चार वाट्या मांडल्या होत्या आणि मधे आईची पळी आडवी ठेवली होती. ही पळी म्हणजे शाफ्ट, पुढच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा. आई सांबाराचं पातेलं घेऊन उभी, तिला पळी हवी, आणि तुम्ही ती सोडायला तयार नाही. निवृत्त झालेला माणूस इतका खूश होऊ शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

तर झालं असं, की गेल्या महिन्यापासून गाडीच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. मी लगेच निदान केलं, तुमची मुलगी ना! शाफ्टच्या मधलं बेअरिंग. ते सुटं मिळत नाही आणि कंपनीने ही गाडी बनवणं बंद करून जमाना झाला, म्हणून सरळ पुदुपेटचा जुन्या पार्टांचा बाजार गाठला. तिथे काही बदललेलं नाही. एका गल्लीत नुसती दारं उभी रचलेली, पुढच्या गल्लीत नुसते दिवे, कुणाच्या कुणाच्या गाड्यांचे डोळे काढून टांगल्यासारखे. एका दुकानदाराने शेजारची दोन दुकानं पालथी घालून एक शाफ्ट आणला. म्हणाला, "ओरिजिनल आहे मा. ॲक्सिडेंटच्या गाडीतून काढलाय, पण मार पुढून बसलाय, याला ओरखडासुद्धा नाही." नवा हवा तर डुप्लिकेट मिळेल, असंही म्हणाला. जुनं ते खरं आणि नवं ते नकली, हे तिथलं व्याकरण तुम्ही मला पहिल्यांदा शिकवलंत तेव्हाही मी गोंधळले होते. तरी मी तुमच्यासारखा तो शाफ्ट फरशीवर गडगडवून पाहिला, एक डोळा मिटून वाक तपासला, बेअरिंगला बोट लावून फिरवलं. दुकानदार हसायला लागला. एवढी चोखंदळ बाई त्याने पाहिली नसावी. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू.

तुमचे अंबत्तूरचे मेस्त्री आता गॅरेज बंद करून तिरुनेलवेलीकडे गावी गेलेत. इतकी वर्षं गाडीला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. म्हणून यावेळी आमच्या घराजवळचा मेकॅनिक. त्याने गाडी लिफ्टवर चढवली, टॉर्च मारला, माझ्या शाफ्टकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं, आणि विचारलं, "मॅडम, हा बसवू कुठे?" मला वाटलं थट्टा करतोय. मी स्वतः खाली जाऊन पाहिलं. पुढून मागेपर्यंत नुसती मोकळी पन्हळ. जिथून शाफ्ट निघायला हवा तिथे एक गोल झाकण, बोल्ट लावून बंद केलेलं. आणि प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची एक रेघ. संरक्षण खात्याच्या कारखान्यात तुम्ही जन्मभर इन्स्पेक्शनला होतात. स्वतः पान्हा लावून तपासलेल्या बोल्टवर अशी रेघ ओढायची तुमची सवय घरातल्या पंख्यांच्या बाबतीतही सुटली नव्हती. त्यामुळे हे काम कुणाचं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आवाज म्हणाल तर पुढच्या चाकाच्या बेअरिंगचा होता. ते बदललं. गाडी आता गुपचूप चालते. शाफ्ट माझ्या पायाशी तसाच पडलेला, आणि मेकॅनिक विचारतोय की मॅडम, मागचं सगळं पुन्हा जोडायचं की राहू द्यायचं?

नंतर सांगते म्हणाले आणि गाडी घेऊन निघाले. बाबा, तुम्ही मला एकदा फैलावर घेतलं होतंत ते आठवतं? टायरमधली हवा कमी होती, मी कंटाळून "चालेल" म्हणाले. तुम्ही चावी काढून घेतलीत. गाडीबद्दल चालेल म्हणायचं नाही, चालते म्हणायचं नाहीतर चालत नाही म्हणायचं, ज्याच्यावर माणूस विसंबून बसणार त्याला चालेल हा शब्द नाही. भर पार्किंगमध्ये, शेजारच्या मामींसमोर. मला रडू फुटलं होतं. आणि तोच माणूस चारही चाकं, चारही चाकं म्हणत दोन चाकांवर गाडी हाकत होता? तुमच्या शेवटच्या दिवाळीला मी आले होते, तेव्हा स्टेशनवरून घरी आणताना पाण्यातून गाडी काढलीत आणि म्हणालात, बघ, मागून कशी रेटते. शाफ्ट तेव्हा होता की नव्हता? मी आठवून आठवून थकले.

शेवटी मेस्त्रींना फोन लावला. त्यांनी आधी आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग मी शाफ्टचं विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, की सारांनी, म्हणजे तुम्ही, स्वतः काढला, मेस्त्रींच्याच गॅरेजमध्ये. शाफ्ट कुरकुरायला लागला होता. सार पुदुपेटला खेपा घालून आले, एकही पसंत पडला नाही, सगळे पुरात बुडालेल्या गाड्यांतले. "सार म्हणाले, आता गाडी घरातल्या बायकांच्या हाती जाणार. रस्त्यात अडकली तर त्या कुणाला हाक मारणार? काढून टाकू. नसलेला पार्ट बिघडत नाही." आणि घरी बोलू नका असंही म्हणालात म्हणे. मी विचारलं, हे कधीचं? मेस्त्री म्हणाले, सार आजारी होते ना मा, ते वर्ष. दिवाळीच्या आधी. हॉस्पिटलमधून रिपोर्ट घेऊन थेट माझ्या गॅरेजवरच आले होते.

इथे माझी खरी पंचाईत झाली. कारण त्याच रिपोर्टबद्दल तुम्ही मला पुण्याला फोनवर सांगितलं होतंत, की सगळं नॉर्मल आहे, वयाप्रमाणे थोडं इकडेतिकडे, तू धावत येऊ नकोस. मी आले नाही. तुमच्या शब्दावर मी विसंबले होते, बाबा. दिवाळीचे दोन दिवस राहून परत गेले, आणि पुढच्या खेपेला आले ती तुम्हाला पोचवायला. इतकी वर्षं मी असं धरून चालले की तुम्हालाही कळलं नव्हतं, डॉक्टरांना कळलं नव्हतं, सगळं अचानक झालं. आणि आता एक झाकण आणि त्यावरच्या पिवळ्या रेघा सांगतायत की तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. गाडी आमच्या हाती येणार म्हणून तुम्ही तिची तयारी केलीत. आमची का नाही केलीत? मला तुमचा राग येतोय, आणि राग आला की तुम्ही त्या गाडीखाली, त्या तब्येतीत, उताणे पडून बोल्ट आवळताय असं दिसतं आणि रागाचं काय करायचं तेच कळत नाही. खोटं बोललात की काळजी घेतलीत? दोन्ही एकाच पान्ह्याने कसं जमलं तुम्हाला? विचारायला दुसरं कुणी नाही म्हणून हे लिहितेय, पत्र कुठल्याच पेटीत टाकता येणार नाही हे माहीत असून.

आज संध्याकाळी आईपाशी विषय काढला. ती स्वयंपाकघरात शेवग्याचा पाला निवडत बसली होती. मी म्हटलं, बाबांनी गाडीचा शाफ्ट काढून टाकला होता, तुला माहीत होतं? ती म्हणाली, मला गाडीतलं काय कळतं, पण मागचा आवाज बंद झाला आणि मला बरं वाटलं होतं. मग मी धीर करून रिपोर्टचं विचारलं. तुला बाबांनी सांगितलं होतं?

"म्हणजे काय? त्याच दिवशी सांगितलं," आई म्हणाली. "आणि तुलाही फोन केला म्हणाले. पोरीला सगळी कल्पना दिलीय, नोकरी नवी आहे, तिला रजा मिळत नाही, तिला काही बोलू नकोस."

पाल्याची एक डहाळी तिने हातात धरून ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी बोलले का कधी तुला, तू आली नाहीस त्यावरून? इतक्या वर्षांत एकदा तरी?"

"नाही गं," मी म्हणाले. "कधीच नाही बोललीस."

मग मी तिच्याजवळ बसून पाला निवडायला घेतला. मेकॅनिकचा फोन वाजला, तो उचलला नाही. रजा मिळत होती, बाबा. पण हे मी आईला सांगितलं नाही.