सायची पिल्लं आणि त्यांना न्यायला येणारी माणसं

प्रिय भिंगरी,

या वयात हा कुत्र्यांचा व्याप कशाला मागे लावून घेतलास, असं तू विचारलं होतंस. कापडाचं दुकान बंद केल्यावर मला हात रिकामे सोसवेनात आणि साय घरात होतीच. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या खुब्यांचे एक्स-रे काढले, डोळे तपासले आणि म्हणाल्या, "इतकी निकोप रिट्रीव्हर क्वचित बघायला मिळते, एखादं वेत होऊ द्या." मला वाटलं, पिल्लं म्हणजे लोकरीचे मऊमऊ गुंडे. कसले गुंडे अन् कसलं काय!

कॅलेंडरवरच्या फोटोत कुत्री विताना दाखवत नाहीत, ते बरंच करतात. हिरवट काळं पाणी, चिकट पिशव्या, आणि सायनं त्या दातांनी फाडून वार चक्क गिळून टाकली. तुझे बाबा भर दुपारी तिथून उठले ते थेट मागच्या नळावर. लाकडी पेटी त्यांनीच बनवली होती, आतून चारी बाजूंनी दांडी ठोकून, म्हणजे आई वळली तरी पिल्लू भिंतीशी चिरडायला नको. पेटी झकास झाली. तिच्यात जे साचायचं त्याचं काय करायचं, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. जंताचं औषध दिलं तेव्हा जे बाहेर पडलं, ते दोऱ्याच्या गुंत्यासारखं वळवळत होतं. माझी अन्नावरची वासना उडाली. पडदे, उशा, माझे केस, सगळ्याला तो आंबूस वास. दूधवाला पिशवी फाटकावरच अडकवून पळायला लागला. बाबा म्हणाले, "लोक म्हातारपणी जप करतात, आपण शी काढतोय."

पण ती किळस साबणानं जाते गं. माणसांची आली ती काही केल्या जाईना.

पिल्लांचे डोळे उघडले आणि गिऱ्हाइकं सुरू झाली. एक जोडपं चक्क उशीचा अभ्रा घेऊन आलं, सोफ्याला शोभेल असा रंग निवडायला. एकानं लेकीच्या वाढदिवसापुरतं पिल्लू मागितलं, संध्याकाळी परत आणून देतो म्हणाला, जणू मांडववाल्याकडून खुर्ची नेतोय. एक गृहस्थ सायचे कान खाजवत गोड आवाजात मला सांगत होते, "मादीच द्या. दर माजाला वेत घ्यायचं आणि थकली की सोडून द्यायची कुठंतरी." साय त्यांचा हात चाटत होती. तिला काय, चोर आला तरी ती त्याच्या चपला तोंडात धरून आणून देईल. मी त्यांना दार दाखवलं आणि सायचे कान धुतले.

सगळ्यात कहर केला तो एका शिकल्यासवरल्या बाईनं. केस फार गळतात म्हणून तिनं पिल्लू परत पाठवलं, खोक्यात घालून, वर चिकटपट्टी मारून. खोक्याला भोकं पाडायचंही तिला सुचलं नव्हतं. उघडलं तेव्हा ते आपल्याच घाणीत बसून धापा टाकत होतं. वाचलं, पण त्या दिवशी मला खरोखर ओकारी झाली. तेव्हापासून घर बघितल्याशिवाय मी पिल्लू देत नाही. जाते, बसते, कोण कुणाशी कसं बोलतं ते ऐकते. बाबा हसून म्हणाले, "लेकीचं स्थळ बघताना एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या आपण." मीही हसले.

सगळेच तसले नव्हते म्हणा. बस चालवणारी एक बाई आली होती, कामाच्या कपड्यांतच. घाणीनं भरलेलं पिल्लू तिनं तसंच मांडीवर घेतलं आणि आधी विचारलं ते, "रात्री आईसाठी रडेल का हो?" तिच्या घरी मी काही न तपासता नुसता चहा पिऊन आले.

मग तुम्ही दोघं आलात. कानावर पांढरा ठिपका असलेलं पिल्लू मी तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं. त्यानं जावईबापूंच्या बुटावर मुतावं, हे पिल्लाच्या जातीला धरूनच होतं. ते ओरडले असते तरी मला चाललं असतं. पण त्यांनी शांतपणे त्याला मानेला धरून उचललं आणि त्याचं नाक फरशीवर घासलं. ते केकाटलं, तरी घासत राहिले. "एकदा नीट घासलं की जन्मभर लक्षात ठेवतात," म्हणाले, आणि तुझ्याकडे बघून हसले. तू हसली नाहीस. कुणी सांगितलं नव्हतं तरी फडकं घेऊन तू खाली बसलीस आणि त्यांचा बूट पुसायला लागलीस. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, पिल्लू निजणार कुठे? साधा प्रश्न होता. तू आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलंस. ते म्हणाले, "तिला काय विचारता, तिला कुठं काय कळतं," आणि तू मान हलवलीस. लांब बाह्यांचा कुर्ता त्या उकाड्यात का घातला होतास, ते तुझी बाही वर सरकली तेव्हा मला दिसलं. त्यापुढे जंत काहीच नव्हते. लस टोचायची राहिलीय, नंतर न्या, असं खोटंच सांगून मी पिल्लू आत नेलं.

ते पिल्लू मी तुमच्या घरी देणार नाही. आणि जिथं पिल्लू पाठवायला माझं मन धजत नाही, तिथं तू राहतेस, हे मला गिळवत नाही. फोनवर बोलले असते, पण तुझा फोन तेच उचलतात, म्हणून पत्र तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर. शनिवारी शाळा सुटेल तेव्हा मी आणि बाबा गाडी घेऊन फाटकाशी उभे असू. सामानाची काळजी करू नकोस, आहेस तशी ये. त्या दिवशी तुझा पाय निघाला नाही तर मी एक शब्द विचारणार नाही. आम्ही घरी जाऊ, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येऊन उभे राहू.

तुझीच,
आई