स्विचवरची हळद

डहाणू, बुधवार, ४ ऑक्टोबर २०१७

काल या डायरीत लिहिलं ते चूक आहे. गंजाडच्या सेवा केंद्रातला इंटरनेटचा स्विच, म्हणजे सगळे संगणक जोडणारा डबा, पूजेच्या पाण्याने जळला नव्हता. आज उघडून पाहिला, आत पाण्याचा टिपूसही नाही. सोमवारी वीज कडाडली ती केबलमधून आत शिरली, आणि केंद्राला अर्थिंगच नाही. हळद नुसती झाकणावर होती.

पण काल दुरुस्तीला गेले तेव्हा मी ती हळद पाहिली आणि पुढे काही तपासलंच नाही. तिथले शिपाई लक्ष्मणकाका. त्यांनी दसऱ्याला घरच्या कोयत्या-विळ्यांसारखंच स्विचलाही हळदकुंकू वाहिलं, ओला झेंडू ठेवला. केंद्र चालवणाऱ्या आमच्या साहेबांना मी फोनवर तेच कारण सांगितलं. ते हसले, "आता नारळ पण फोडा म्हणावं!" आणि संध्याकाळी काकांना कामावरून काढलं.

आज काकांना फोन केला. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "ताई, त्याच्यावर सगळ्या गावाचं काम चालतं, म्हणून पूजलं. माझ्यामुळं तुमचं मशीन गेलं, माफी करा." खरं न सांगताच मी "बघते काका" म्हणून फोन ठेवला. का नाही सांगितलं?

बाबांनी घरी रेडिओ उघडायला शिकवला तेव्हा पहिलं हेच सांगितलं होतं, वरचं बघून बोलू नकोस. आणि मी झाकणावरची हळद बघून एका माणसाचं काम घालवलं.

साहेब तलासरीच्या ऑफिसात परवा भेटतील. फोनवर ते हसण्यावारी नेतील, म्हणून समोर जाऊन सांगणार, चूक माझी, काकांना परत घ्या. शुक्रवारी, सहा तारखेला.