सात नंबरची बाई

सोमवार, ३ तारीख
मिळाली बाई नोकरी! लॅबमध्ये झाडपूस. चार बुकं शिकलेली, ट्रेवरचे नंबर वाचता येतात म्हणून घेतलं. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून बांधून आणून विकलेल्या माणसांची हाडं आहेत इथे. कानामागचं हाड टोकरून भुकटी काढतात आणि त्यातला डीएनए आमच्यासारख्या कुरळ्या केसांच्या लोकांच्या थुंकीशी जुळवतात. मी नि लेकीनं थुंकी कधीच दिलीय. आपण मुळात कुठले, हे तिचं बाळ यायच्या आत कळायला हवं. लॅबच्या मॅडमनी बजावलं, हाडांपुढे मास्क काढायचा नाही, बोलायचं नाही. आमचे हे म्हणायचे, तू सरणावरही बडबडशील. तेच आधी गेले बिचारे, ऐकून ऐकून.

गुरुवार, ६
सात नंबरच्या कवटीशी ओळख झाली. बाई आहे म्हणे. माझ्या जाऊबाईंसारखी दात विचकून बघते. मास्क खाली करून विचारलं, "काय गं, माहेर कुठलं?" तोंडातून शब्द नाही. ठसका बघा बाईचा.

बुधवार, १२
बोलणी खाल्ली. सातच्या भुकटीत माझाच डीएनए निघाला. मॅडम म्हणाल्या, मावशी, थुंकी उडवलीत. कान धरून कबूल केलं. आता थुंकी पोचणार नाही इतक्या आतलं हाड टोकरणार.

शुक्रवार, १४
पुन्हा मीच. मॅडम रागावल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "नात्यातली असती तर थोडीफार जुळली असती. ही तुम्हीच आहात, मावशी." तीनशे वर्षं मातीत होती ती. मी हसले. एकटीच.
मॅडम सातचं हाड टोकरत होत्या तेव्हा यंत्राची गुणगुण माझ्या कानामागून येत होती.

रविवार
डाव्या कानानं ऐकू येत नाही. मागे चाचपलं तर खळगा. बोट आत जातं. रक्त नाही. उशीवर पांढरी भुकटी—

सोमवार
सातच्या शेजारी पुरलेली आठ नंबर. तरुण. वरवर खरवडलेल्या भुकटीतच लेकीशी जुळली, सगळीच्या सगळी. पोटात सहा महिन्यांचं बाळ. लेकीलाही सहावाच. पाया पडले, आता हिला आतून टोकरू नका. मॅडम म्हणाल्या, उद्या सकाळी—

मंगळवार
आठचा ट्रे पिशवीत घालून पळाले. लेक ठीक आहे. ऐकू येतंय तिला. ट्रे उघडला— बाळाची हाडंच नाहीत. चिठ्ठी आहे. बाळ वेगळं काढलं, नऊ नंबर, टोकरायला दिलं.
लॅबला फोन लावतेय. कुणी उचलत—
लेक पोट धरून दारात उभी. म्हणते, "आई, आत काहीतरी गुणगुणतंय गं."
हात लावला तर तीच यंत्राची गुणगुण—