कड्यावरचं फूल आणि उदबत्ती

मुक्काम काओ बांगचे डोंगर

आई, तुला आणि देव्हाऱ्यातल्या आजोबांच्या तसबिरीला थिनचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

चुनखडीच्या कड्यावर मला एक जांभळं फूल दिसलं. आमच्या वनस्पती-शोध तुकडीचे सर म्हणतात, ही जात अजून कुणीच नोंदवलेली नाही. तू शिकवल्याप्रमाणे मी उदबत्ती लावून डोंगराची परवानगी मागितली आणि ती विझेपर्यंत फुलाला हात लावला नाही. तेवढ्यात आमच्यातला खिएम दोरावरून उतरला आणि त्याने ते खुडलं. "डोंगर झोपलाय रे, कुणाला विचारत बसलास?" म्हणाला.

आता त्या जातीला खिएमचं नाव मिळणार. सगळे त्याला 'फुलोबा' म्हणतात. मीही हसतो, पण त्याला त्या नावाने हाक मारत नाही.

तुझ्यावर राग नाही. फक्त यापुढे उदबत्त्या आखूड पाठव.

तुझाच,
थिन